जिन्याखालचे जटायू

"सावकाश, वहिनी. मकराच्या शेपटीवर पाय देताय."

दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन मी कामावरून दमून येते आणि जिन्याखालून राऊतकाका मला हे ऐकवतात. मकर म्हणजे चिंचणीच्या किनाऱ्यावर वाहून आलेलं एक वाकडं लाकूड.

बोईसरला आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे हे गृहस्थ. काकू गेल्यापासून समुद्राच्या नादाला लागले. सकाळी एसटीने जायचं, भरतीने टाकलेली लाकडं गोळा करायची आणि कंडक्टरशी भांडत घरी आणायची.

"लाकूड नाय हाय ते, बगळा हाय."

"मग बगळ्याचं तिकीट काढा," कंडक्टर म्हणायचा. काका काढायचेही.

घर भरलं तेव्हा जिन्याखालची जागा घेतली. गरुड, जटायू, दोन डोक्यांचा गंडभेरुंड. कोरायचं नाही, रंगवायचं नाही, नुसतं ओळखायचं. "चोच दिसते?" असं विचारलं की मी मुकाट्याने "दिसते" म्हणायची. नाही म्हटलं तर समजावत बसायचे आणि वर माझा कुकर शिट्ट्या मारायचा. त्यात सोसायटीची सेक्रेटरी मी, त्यामुळे वाळवीच्या तक्रारीही माझ्याकडेच.

यंदा होळीला घोटाळा झाला. होळीसाठी प्रत्येक घराने जुनं लाकूड द्यायची आमच्याकडे रीत. नव्या वॉचमनने जिन्याखालचा ढीग पाहिला आणि सगळाच्या सगळा नेऊन रचला.

"मॅडम, इतना बढ़िया सूखा लकड़ी!" तो खुशीत सांगत होता.

संध्याकाळी आम्ही बायका नैवेद्याची ताटं घेऊन उभ्या, आणि काका न पेटलेल्या होळीत कमरेपर्यंत घुसलेले.

"काका, बाहेर या. तुमचे सगळे पक्षी काढून देते."

"गरुड जळू दे. जटायूपण जळू दे, रामानं अग्नी दिलेला, त्याला सवय हाय. मला एकच पायजे."

अर्धी होळी ढासळली. पोळ्या गार झाल्या. शेवटी हातभर लांबीचा एक ओंडका छातीशी धरून ते बाहेर आले.

"हा कोण?" मी सवयीने विचारलं.

"ठाऊक नाय."

हे उत्तर त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. ते पायरीवर टेकले.

"हिनं उचललेलं शेवटचं. 'कोण हाय ते ओळखा, नाय जमलं तर सांगते,' म्हणाली. घरी आल्यावर मी पेपर वाचत बसलो. मग तिचा दवाखानाच सुरू झाला. तिलाच दिसायचं हो सगळं, मी नुसती पिशवी धरायचो. आता बाकीची बघून बघून नजर तयार करतोय."

त्यांनी ओंडका माझ्यापुढे केला. मी तो उलटा धरला, आडवा धरला.

"मला काही दिसत नाही, काका."

ते समजावत बसले नाहीत.

कोणीतरी होळी पेटवली. सगळे ज्वाळांकडे बघत होते, बोंबा मारत होते. काका त्या उजेडात ओंडका फिरवून फिरवून बघत होते.