कॉलरचा माइक

नोकरी गेल्याची बातमी बायकोला उद्या सांगायची, असं वेलांटीसाहेबांनी सोमवारी संध्याकाळी ऑफिसचा जिना उतरताना ठरवलं. निर्णय एवढाच होता. एका दिवसाचा तर प्रश्न.

वेलांटीसाहेब एका दैनिकात मुद्रितशोधक होते. एकतीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेल्या मजकुरातल्या चुका काढत बसलेला माणूस. वेलांटी पहिली की दुसरी, यावरून त्यांनी इतक्या उपसंपादकांशी वाद घातले होते की त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. आता ते काम संगणक करणार होता. ऑफिसनं सहा महिन्यांचा पगार हातावर ठेवला आणि निरोप दिला.

मंगळवारी बायकोचं डोकं दुखत होतं. बुधवारी तिच्याकडे शाळेचे तीस गणवेश आखूड करायला येऊन पडले. (ती घरातल्या पुढच्या खोलीत शिवणकाम करायची, आखूड, लांब, सैल, घट्ट, चेन बदलणे वगैरे.) गुरुवारी तिनंच विचारलं, "ऑफिसात सगळं ठीक ना?" आणि साहेबांच्या तोंडून "हो" निघून गेलं.

एकदा "हो" म्हटल्यावर रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडणं आलं. बाहेर पडल्यावर कुठेतरी बसणं आलं. बसायला विद्यापीठाचं ग्रंथालय बरं होतं; पण आठवड्याभरात तिथल्या पहारेकऱ्यानं ओळखपत्र मागितलं आणि ओळखपत्रासाठी काहीतरी शिकणं आलं. अशा रीतीनं वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी साहेबांनी डिजिटल आणि मल्टिमीडिया पत्रकारितेच्या चार महिन्यांच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. घरी म्हणाले, "ऑफिसनंच पाठवलंय."

"बरं झालं," बायको म्हणाली आणि सुईत दोरा ओवत राहिली.

वर्गात सगळी विशीतली मुलं. ती त्यांना काका म्हणत आणि काकांचे हाल बघून हळहळत. काकांनी व्हिडिओ काढला की त्यातल्या माणसांची डोकी कापली जात. मुलाखत घेतली की समोरच्याच्या बोलण्यापेक्षा काकांचं "हं, हं" मोठं ऐकू येई. एकदा त्यांनी अग्निशमन केंद्राच्या प्रमुखांची वीस मिनिटं मुलाखत घेतली आणि रेकॉर्डिंगचं बटण ती संपल्यावर दाबलं. (परतीच्या वाटेवरचा त्यांच्या चपलांचा आवाज मात्र फार स्वच्छ आला होता.) शिकवणाऱ्या बाई त्यांच्या भाचीच्या वयाच्या. त्यांनी नुसता डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पहिल्या बाकावर होते. जाणार कुठे?

शेवटचं काम बाईंनी नेमून दिलं. "काम करणारं एक माणूस. तीन मिनिटं. तुमचं निवेदन नको. त्याचा आवाज आणि त्याच्या कामाचा आवाज. शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या घरच्यांसमोर दाखवायचंय."

साहेबांनी फार विचार केला नाही. घरात एकच माणूस खरोखर कामाला जात होतं, आणि तेही घरातच.

"हे काय लावताय मला?" बायकोनं विचारलं.

"माइक आहे. कॉलरला राहू दे. तू तुझं काम कर, मी नाही असं समज."

"तुम्ही असताना मला कधी काम करता आलंय?"

तरी तिनं केलं. मशीन धडधडलं, कात्री चालली, टाचण्या डबीत पडल्या. मग साहेबांना वाटलं, एक दृश्य बाहेरून घ्यावं; खिडकीतून, रस्त्यावरून, माणूस कामात गढलेलं. त्यांनी ट्रायपॉड उचलला, फुटपाथवर मांडला, हेडफोन कानांवर चढवले आणि या वेळी बटण आधी दाबलं. बिनतारी माइक बायकोच्या कॉलरलाच होता. नवरा बाहेर गेला म्हणजे शूटिंग संपलं, अशी तिची समजूत झाली.

तेवढ्यात शेजारच्या निवृत्त नर्स, ज्यांना सगळे सिस्टर म्हणत, पँट घेऊन आत गेल्या.

"गुडघे गेले गं माझे," सिस्टर हेडफोनमधून साहेबांच्या कानात बोलल्या. "आणि तुझे हे काय बाहेर वाहतूक मोजतायत?"

"अभ्यास करतायत."

"या वयात? आणि नोकरी?"

मशीन थांबलं. "नोकरी कधीच गेली. मला सांगितलेलं नाही, पण मला माहीत आहे. तिसऱ्याच दिवशी मी ऑफिसात फोन केला होता, येताना काळा दोरा आणा म्हणून. ऑपरेटर म्हणाली, साहेब सोमवारीच गेले. माझ्या हातातून फोन पडला. मला वाटलं, गेले म्हणजे गेलेच!"

"अगं बाई!"

"आणि दीड तासानं दारात उभे. दोरा नाही आणला तो नाहीच."

फुटपाथवर साहेब जागच्या जागी थिजले. हेडफोन काढावेत हे त्यांना सुचलं नाही.

"मग विचारत का नाहीस?" सिस्टर म्हणाल्या.

"जन्मभर दुसऱ्यांच्या मजकुरावर लाल खुणा केल्या त्यांनी. आता आपल्यावरच एक झाली असं वाटत असेल. मी कशाला आणखी एक करू? सांगतील सांगायचं तेव्हा."

"आणि तोवर रोज डबा भरतेस?"

"भूक तर लागतेच ना, नोकरी असो नसो. हल्ली जरा जास्तच घालते. वर्ग नसतो तेव्हा कुठे बसत असतील, कोण जाणे."

एक सायकलवाला घंटी वाजवून थकला आणि फुटपाथवरून साहेबांना वळसा घालून गेला. त्यांना तो दिसलाही नाही.

बऱ्याच वेळानं ते आत आले. "अगं," ते म्हणाले, "माइक चालू होता."

तिचा हात कॉलरकडे गेला. "केव्हापासून?"

"काळ्या दोऱ्याच्या आधीपासून."

अशा वेळी बाहेरच्या माणसानं उठून जायचं असतं. पण सिस्टरची पँट मशीनवर होती.

"मग आता सांगा," बायको म्हणाली.

"तुला सगळं माहीत आहे."

"ते ऑपरेटरनं सांगितलं. तुम्ही कुठे सांगितलंय?"

साहेबांनी सांगितलं. सोमवारच्या जिन्यापासून ग्रंथालयाच्या पहारेकऱ्यापर्यंत. सांगताना दोनदा थांबले, पाणी प्यायले. शेवटी त्यांनी विचारलं, "हे वर्गात दाखवू का? नको म्हणालीस तर पुसून टाकतो."

ती बराच वेळ कापडावरची टीप उसवत राहिली. "सिस्टरचे गुडघे काढा," ती म्हणाली. "बाकी राहू दे."

शेवटच्या दिवशी वर्ग भरला होता. बायको दुसऱ्या रांगेत. दिवे गेले आणि तिचा आवाज खोलीभर पसरला. डब्यापाशी आला तेव्हा मागे कुणीतरी नाक ओढलं. साहेबांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपल्याला हे काम जमतंय.

मग त्यांनी पडद्याकडे नीट पाहिलं. कॅमेऱ्यानं फोकस बायकोवर धरलाच नव्हता, खिडकीच्या काचेवर धरला होता. काचेत, भलेमोठे हेडफोन घातलेला, तोंड उघडं टाकून रडणारा एक माणूस शर्टाच्या बाहीनं नाक पुसत होता. तीन मिनिटं. (संकलन करताना लॅबमधल्या छोट्या पडद्यावर त्यांना तो रस्त्यावरचा खांब वाटला होता.)

दिवे लागले. बाईंनी चष्मा काढला; या वेळी डोळे पुसले. "काका, तुमचं काम पहिलं आलं," त्या म्हणाल्या. मग दुसऱ्या रांगेकडे वळल्या. "तुम्हाला कसं वाटलं?"

बायको उभी राहिली. तिचेही डोळे भरले होते.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "पण अहो, निदान शर्ट तरी बदलायचा होतात. नवरा शिंपिणीचा, आणि काखेत हा एवढा उसवलेला!"

बाईंनी, खात्री करून घ्यावी म्हणून, चित्र मागे घेतलं, थांबवलं आणि मोठं केलं.