धंदा वेगळा, अनारकान वेगळी

माणूस आणि त्याचा धंदा या दोन स्वतंत्र व्यक्ती असून त्यांनी एकमेकांच्या खिशात हात घालू नये, हा हिशेबशास्त्राचा पाया आहे. बाकी सगळं (जमा, खर्च, कर, दंड आणि दंडावरचं व्याज) त्या पायावर उभं आहे. नारीन गावच्या सांस्कृतिक भवनात दर वसंतात तीन दिवस मी हेच शिकवतो. विषय 'लहान धंदा सुरू करणाऱ्यांसाठी कर व हिशेब', प्रवेश मोफत. पहिल्या दिवशी चौदा जण येतात, दुसऱ्या दिवशी नऊ, तिसऱ्या दिवशी चार; त्या चारांतला एक शेगडीसाठी आलेला असतो. अकरा वर्षांत माझ्या शिकवण्याचा कुणाच्याही आयुष्यावर काही परिणाम झाल्याची नोंद नव्हती. मग अनारकान आली.

अनारकान वय वर्षे सेहेचाळीस, व्यवसाय काही नाही. असं तिने स्वतःच अर्जात भरलं होतं. प्रत्यक्षात ती वर्षाला नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, दोनशे जोड सपाता बनवायची. लोकर हाताने पिंजायची, साबणाच्या कढत पाण्यात भिजवायची, दाबायची, लाटायची. सपाता विकल्या की पैसे घराच्या डब्यात जात, डब्यातून नवऱ्याच्या खिशात आणि तिथून त्याच्या नातेवाइकांच्या लग्नकार्यात. मार्ग अगदी सरळ होता, मध्ये कुठे थांबा नव्हता. तिची मनगटं सुजायची. पिंजायचं यंत्र बेचाळीस हजार सोमांना मिळत होतं आणि त्यासाठी ती सहा वर्षं बचत करत होती. सहा वर्षांची एकूण बचत शून्य. (बेरीज मी दोनदा तपासली.)

तिसऱ्या दिवशी मी वरचा सिद्धांत सांगितला तेव्हा तिने हात वर केला. (मास्तरांना आमच्याकडे 'अगाय' म्हणतात.)

"अगाय, म्हणजे धंद्याचे पैसे माझे नाहीत?"

"नाहीत."

"माझ्या नवऱ्याचे?"

"मुळीच नाहीत."

"आणि मोठ्या दिरांचे?"

"नियम स्पष्ट आहे," मी म्हणालो. नियमात दिराचा उल्लेख कुठेही नाही. पण फळ्यापुढे उभं राहिलं की मास्तराने ठाम असावं. तिने ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

पुढच्याच आठवड्यात तिने रीतसर नोंदणी केली आणि धंद्याला घरातून वेगळं काढलं. मागची खोली नवऱ्याची होती, म्हणून धंद्याने ती दरमहा पाचशे सोम भाड्याने घेतली. तिचा नवरा एसेनकुल खूश झाला. त्याच्या घरात राहायचे पैसे आजवर कुणी दिले नव्हते. मग लोकरीचा प्रश्न आला. खर्च दाखवायचा तर पावती हवी. लोकर एसेनकुलच्या अडतीस मेंढ्यांची, आणि मेंढ्या पावती देत नाहीत. तेव्हा नवऱ्याने बायकोला लोकर विकण्याचा करार मीच विहित नमुन्यात लिहून दिला. एसेनकुलने बाजारभावापेक्षा चढा दर सांगितला. अनारकानने त्याला चहा दिला आणि धंदा शेजाऱ्याकडून लोकर घेण्याचा विचार करतोय, असं कळवलं. त्याने बाजारभावाने सही केली. वाद उद्भवल्यास निवाडा एसेनकुलची आई, श्रीमती उमसुनाय, यांचा राहील, असं शेवटचं कलम त्याच्याच आग्रहाने घातलं. आई आपली आहे, असा त्याचा हिशेब होता.

शरदात मोठे दीर कादिरबेक मोकळं पोतं घेऊन आले. त्यांच्या मुलाचं लग्न होतं. पाहुण्यांच्या पायांत घालायला तीस जोड लागणार होते. प्रत्येक कार्याला ते असेच पोतं घेऊन येत आणि भरून नेत. अनारकानने त्यांना आत बसवलं, लोणी-पाव पुढे केला आणि पावती कुणाच्या नावे करू, ते विचारलं.

"पावती?" कादिरबेक म्हणाले. "अगं, मी घरचा माणूस."

"आके, माझं जे आहे ते सगळं तुमचं. माझी शाल न्या, माझी कानातली न्या. पण सपाता धंद्याच्या आहेत, माझ्या नाहीत. दुसऱ्याच्या तिजोरीत हात घालू कसा मी?"

"तो धंदा म्हणजे कोण? त्याला बोलव. मी बोलतो त्याच्याशी."

"तो मागच्या खोलीत असतो. पण उधार देत नाही."

कादिरबेक रिकामं पोतं घडी करून घेऊन गेले. संध्याकाळपर्यंत गल्लीत, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाजारात आणि शुक्रवारी मशिदीच्या पायऱ्यांवर बातमी पोचली. (अफवेला नोंदणी लागत नाही, म्हणून तिची वाढ जोमदार असते.) एसेनकुल माझ्याकडे आला आणि मी त्याच्या बायकोच्या डोक्यात काय भरलं, असं त्याने विचारलं. मी त्याला फळ्यावरचा सिद्धांत दाखवला. मग त्याने करारातलं शेवटचं कलम पुढे केलं.

निवाड्याला मीही हजर होतो. उमसुनाय आपांचं वय चौऱ्याहत्तर, नजर अधू. त्यांनी खतावणी वाचून दाखवायला सांगितली. मी वाचली: लोकर, साबण, सरपण, भाडं, विकलेले जोड, हाती आलेली रक्कम. शेवटी गेल्या सहा वर्षांत मोठ्या मुलाने नेलेले जोड आले, एकशे त्र्याहत्तर, रक्कम निरंक. आपांनी दोन वाट्या चहा संपवला. एसेनकुल निश्चिंत होता.

"कादिरबेकला सांग, पैसे टाक आणि सपाता ने," त्या त्याला म्हणाल्या. "आणि तू दुपारचं जेवण स्वतः रांध. त्या वेळात ती धंद्याकडे कामाला असते."

निकाल अंतिम होता, कारण अपिलाचं कलम घालायचं मी विसरलो होतो. कादिरबेकने तीस जोडांचे पैसे मोजले. डिसेंबरात एसेनकुलने अकरा दुपारी पुलाव केला. चार वेळा तो करपला. फेब्रुवारीत पिंजायचं यंत्र आलं. अनारकानने ते बघायला मला बोलावलं आणि त्यावरचं कापड काढलं. तिने मनगट यंत्राच्या गार लोखंडावर टेकवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. कर तिने मुदतीच्या नऊ दिवस आधी भरला.

एवढ्यावर हे प्रकरण माझ्या यशाचा दाखला ठरलं असतं. पण त्या वसंतात पहिल्या दिवशी पंधरा जण आले. पंधराव्या उमसुनाय आपा होत्या. त्या तिन्ही दिवस आल्या आणि शेगडीपासून लांब बसल्या. शेवटच्या दिवशी मला म्हणाल्या, मला नोंदणी करायची आहे, चल. मी त्यांना कचेरीत घेऊन गेलो. खिडकीतल्या मुलीने अदबीने कधीपासून व्यवसाय करायचा आहे, ते विचारलं.

"एकोणीसशे एकोणसत्तरपासून," आपा म्हणाल्या.

मुलीने पेन खाली ठेवलं. मागल्या तारखेने नोंदणी होत नाही, असं तिने समजावलं. आपांनी मान डोलावली आणि निदान आकडा तरी लिहून घे, म्हणाल्या: शिर्दाक गालिचे एकशे चार, रोजची भाकरी पंचावन्न वर्षं, मुलं सहा, त्यांतली चार जगली, सासू अंथरुणाला नऊ वर्षं, दूध काढलेल्या गाई आठवत नाहीत. पावती एकाचीही नाही. मुलीने नियमांचं पुस्तक उघडलं, माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की मालकाची स्वतःची मेहनत खर्चात धरत नाहीत.

"मग मी मालक होते?" आपांनी विचारलं. "कशाची?"

बारा वर्षांत वर्गात मला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. मी पुस्तक चाळलं. मुलीनेही चाळलं. रांगेतल्या बायका पुढे सरकल्या होत्या आणि उत्तराची वाट बघत होत्या. आम्हाला ते सापडलं नाही. आपांनी विहित अर्ज घडी करून उराशी ठेवला आणि आम्ही चालत परत आलो.

वर्ग पुढच्या वसंतातही भरेल, प्रवेश मोफत आहे. वाचकहो, तुम्ही जरूर या. घरी मात्र सांगू नका की कुठे चाललात. आणि हे पान वाचताना ज्या हाताने तुमच्यापुढे चहा ठेवला असेल, त्या हाती हे पान लागू देऊ नका. तुमची खतावणी मी तपासलेली नाही, पण अंदाज आहे.