चहाच्या श्रेणीविरुद्ध अपील

माणसाची खरी किंमत त्याच्या पश्चात कळते, असं म्हणतात. हे साफ चूक आहे. ती त्याच्या पुढ्यात चहा येतो तेव्हाच कळते. पश्चात फक्त शिक्कामोर्तब होतं.

हे सत्य पाणीपुरवठा खात्यातल्या हेडसाहेबांना नोकरीच्या उमेदीतच उमगलं. नळजोडणीचा प्रत्येक अर्ज त्यांच्या टेबलावरून जाई, त्यामुळे घरी माणसांची रीघ असे. एवढ्या सगळ्यांना एकाच पातेल्यातला चहा देणं म्हणजे प्रशासनाच्या मूलतत्त्वांना हरताळ फासणं. म्हणून साहेबांनी एक घरगुती परिपत्रक काढलं, टाइप करवून घेतलं (कचेरीच्या कागदावर, कारण विषय लोकहिताचा होता) आणि फ्रेम करून ओट्यावर, मिठाच्या बरणीच्या वर टांगलं.

परिपत्रकात चार श्रेणी होत्या. पहिली, विशेष: निव्वळ दुधाचा, आलं-वेलची ठेचून, कपबशीतून, ज्यांच्याकडे आपलं काम अडलंय त्यांना. दुसरी, साधारण: निम्मं पाणी, काचेचा पेला, ज्यांचं आपल्याकडे अडलंय त्यांना. तिसरी, पुनरुज्जीवित: सकाळच्या चोथ्याला पुन्हा उकळी, कान तुटलेला कप, न कळवता उगवणाऱ्या नातेवाइकांना. आणि चौथी, तोंडी: "तुमचा चहा झालाच असेल ना?" या चौथ्या प्रकाराला ना गॅस लागतो ना साखर, आणि साहेबांच्या पाहणीनुसार शंभरातले ब्याण्णव लोक तो घेऊन समाधानाने घरी जातात. (उरलेले आठ "नाही, व्हायचाय" म्हणतात. अशांशी संबंध वाढवू नयेत.)

साहेब स्वतः अर्थातच विशेष. सकाळी दोनदा, संध्याकाळी एकदा, तीस वर्षं.

सून घरात आली तेव्हा कपाटाच्या किल्ल्यांआधी तिच्या हाती परिपत्रकाची प्रत पडली. ती ग्रंथालयात पुस्तकांची वर्गवारी करायची. नियम वाचला की तो पाळायचा, एवढंच तिला ठाऊक. सोन्यासारखी सून मिळाली, असं साहेब येईल त्याला सांगत सुटले. पुढे साहेब निवृत्त झाले, निरोपाची भाषणं झाली, आणि त्यानंतर सातव्या महिन्यात ओट्याजवळचा नळ गळू लागला.

नळवाला आला. (तीस वर्षं नळजोडण्या मंजूर करणाऱ्या साहेबांना वायसर कुठे बसतो हे माहीत नव्हतं. ते वेगळं खातं.) सुनेने नळवाल्यापुढे बशीसकट वेलचीचा चहा ठेवला आणि साहेबांपुढे कान तुटलेला कप. साहेबांनी घोट घेतला. त्या पाण्याची चहाशी जेमतेम तोंडओळख होती.

"सूनबाई, कपांची अदलाबदल झाली वाटतं?"

"नाही बाबा. कलम सात. 'श्रेणी व्यक्तीची नसून तिच्याकडे अडलेल्या कामाची आहे. दर सहा महिन्यांनी फेरतपासणी व्हावी.' मी केली. तुमच्याकडे काहीच अडलेलं सापडलं नाही."

"अगं, पण मग थेट तिसरी? मी काय न कळवता उगवणारा नातेवाईक आहे?"

"स्वयंपाकघरात येता की, बाबा. दिवसातून अकरा वेळा."

तिच्या बोलण्यात कुचकेपणाचा लवलेशही नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. कलमाखाली सही साहेबांचीच होती, शिक्क्यासकट. निरोपाच्या भाषणांत जे जाणवलं नव्हतं ते त्यांना त्या कपाकडे बघून जाणवलं: या घरात आता आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही. त्यांना वाईट वाटलं, आणि ते लपवायला कप तोंडाला लावावा तर त्यात तो चहा.

अपिलाला जागा एकच होती, ती म्हणजे बायको. ती मागच्या खोलीत शेंगा सोलत बसली होती.

"बघितलंस? तीस वर्षं विशेष घेतला मी. आणि आता हा!"

"आणि मी कुठला घेते हो?" तिने मान वर न करता विचारलं.

साहेबांनी आठवून पाहिलं. मग जाऊन परिपत्रक वाचलं, फ्रेम काढून मागची बाजूही वाचली. चहा करणारीचा उल्लेख कुठल्याच श्रेणीत नव्हता.

"पातेल्यात उरेल तो," ती म्हणाली. "उरला तर."

साहेब खजील झाले. अगदी मनापासून झाले, हे इथे नमूद केलं पाहिजे. स्वतःचं अपील त्यांनी जागच्या जागी मागे घेतलं आणि दुपारभर बसून दुरुस्तीपत्रक लिहिलं. 'श्रेणी एक-अ, अतिविशेष: चहा करणारीस, सर्वांच्या आधी, बसून.' वर तिच्या त्यागाचा गौरव करणारी सव्वा पानाची प्रस्तावना. वाचून दाखवताना त्यांचा आवाज दोनदा कापला, सुनेनेही डोळे पुसले. सही झाली, शिक्का बसला, तीन प्रती निघाल्या. मग साहेब खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "अगं, या आनंदात आता चहा टाक बघू. आज सगळ्यांनाच अतिविशेष!"

ती उठली. शेंगा अर्ध्याच सोलून झाल्या होत्या.

वाचकहो, हसा, अवश्य हसा. साहेब होतेच तसे. फक्त हे वाचता वाचता आपण ज्या कपातून घोट घेताय, तो आणून ठेवणाऱ्या हाताकडे मान वर करून पाहिलं होतंत का? असू द्या. तिचा झाला का, हे विचारायला आता उठू नका. तुमचा गार होईल.