सव्वासात शेर धूळ

व्हॅक्यूम क्लीनर कोणता घ्यावा, हे अख्ख्या मध्यप्रदेशात माझ्याइतकं नेमकं तुम्हाला कोणी सांगणार नाही! मी यंत्रांचा व्यापारी नाही. नागपूरच्या एका दैनिकाचा भिलाईतला वार्ताहर आहे. पण मी दोन यंत्रं समोरासमोर उभी करून, हातात घड्याळ धरून, मध्ये तराजू ठेवून त्यांची परीक्षा घेतली आहे. तारीख ९ जून १९६३, रविवार. सगळे आकडे माझ्या वहीत आहेत. वही मात्र मी कोणाला दाखवत नाही. का, ते शेवटी कळेल.

आधी घराबद्दल. बोरसीला आमची विटांची भट्टी. भट्टी भय्याजींची. भय्याजी म्हणजे माझे वडील. गावासारखं आम्हीही त्यांना भय्याजीच म्हणतो. पोलाद कारखान्याचं बांधकाम सुरू झालं आणि विटा अशा खपू लागल्या की लोक त्या गरम गरमच उचलून नेत! त्या भरभराटीत भय्याजींनी अकरा खोल्यांचं घर बांधलं आणि भंडाऱ्याकडच्या गावी राहणाऱ्या आमच्या मायला बोलावणं धाडलं. मायने उलट निरोप दिला, "जनमभर शेनानं सारवलं. तिथंबी सारवाचंच असन तं मी इथंच बरी!"

भय्याजींनी पोस्टकार्ड टाकलं : 'फरशी सिमेंटची आहे. निघून ये.'

माय आली. फरशी काही दिसली नाही, कारण सगळ्या खोल्यांत गालिचे! मायदेशी परतणाऱ्या रशियन तज्ज्ञांकडून भय्याजींनी ते गाडीभर उचलले होते. कुठे मध्येच विरलेले, कुठे चहाचे डाग पडलेले, पण भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेले आणि चारी कडांना खिळे ठोकून बसवलेले. "सिमेंट पायाले थंडं लागते," भय्याजींनी कारण सांगितलं. शिवाय एक कडक नियम : गालिचा उचलायचा नाही. "उचलला का रंग जाते!"

आता गालिचा उचलायचा नाही म्हणजे अंगणात नेऊन झोडपायचा नाही. म्हणजे जागच्या जागी झाडायचा. ते काम माझ्या वहिनीचं, वसुंधरावहिनीचं. गुडघ्यांवर बसून, हातात फडा घेऊन, सकाळी सहा ते नऊ. चार वर्षं!

आणि मे महिन्यात वहिनीला नोकरी लागली. सेक्टर चारच्या शाळेत शिक्षिका! रुजू व्हायचं एक जुलैला, सकाळी साडेसातला. वहिनी नेमणुकीचं पत्र देवासमोर ठेवून मायसमोर उभी राहिली. मायने चष्मा नसताना ते पत्र उलटसुलट वाचलं आणि निकाल दिला.

"कर नोकरी. मी नाई म्हनत नाई. पन सात वाजाच्या आत अकराही खोल्या झाडून झाल्या पायजे. गर्दा रायला तं लोक मले नावं ठेवतीन, तुह्या शाळेले नाई!"

"आत्याबाई, मंग मले चार वाजता उठा लागन. फळ्याले टेकूनच झोपीन मी!"

"मंग नोको जाऊ."

वहिनीने पत्राची घडी घातली. ती घडी घालण्याची पद्धत मला पाहवली नाही. मी उठून उभा राहिलो आणि जाहीर केलं, "वयनी, काळजी करू नका. यंत्र आनतो! धूळ ओढाचं यंत्र. अकरा खोल्या अर्ध्या घंट्यात!"

"यंत्र?" भय्याजी खुर्चीतून दचकून उठले. "कावून? कायले पायजे यंत्र? धूळ ओढनं चांगलं नसते. घरातली लक्ष्मी जाते त्याच्यानं!"

"भय्याजी, लक्ष्मी गालिच्यात असते का?"

"तुले काय मालूम कुठी असते!"

विरोध मोठा होता, पण त्यामागचं कारण माझ्या ध्यानात आलं नाही. मला वाटलं, म्हातारा माणूस, नव्या गोष्टीला भितो. मी कामाला लागलो.

वार्ताहराने एकाच बाजूवर विश्वास ठेवू नये, म्हणून मी दोन यंत्रं मागवली. एक रायपूरच्या दुकानातले विक्रेते सुखरामजी घेऊन आले. उभ्या दांड्याचं, पोटाला कापडी पिशवी लावलेलं, दिसायला दिवस भरलेल्या बाईसारखं. दुसरं वालेंतिन साहेबांचं. ते रशियन तज्ज्ञ, महिनाभरात घरी परतणार, आणि सामान वाटून टाकण्याच्या बेतात. त्यांचं यंत्र आडवं, चकचकीत, खालच्या दोन पट्ट्यांवर घसरणारं. जणू काडी लावली तर थेट चंद्रावर जाईल! साहेबांना हिंदी शंभरेक शब्द येत होते आणि त्यांतले निम्मे 'बहुत अच्छा' होते.

परीक्षेचे नियम मी कागदावर लिहून भिंतीला चिकटवले. जागा, बैठकीतला मोठा गालिचा. अर्धा एकाला, अर्धा दुसऱ्याला. वेळ, प्रत्येकी पंधरा मिनिटं. पिशवीतली धूळ भट्टीच्या तराजूत तोलायची. जो जास्त धूळ काढेल तो जिंकला! आमच्या घरात कोळशापासून भोपळ्यापर्यंत सगळं तोलूनच ठरतं. व्हॅक्यूम क्लीनर वेगळा कसा ठरणार?

माय पाटावर बसली. वहिनी दाराशी. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ टिकाराम, कारखान्यात दुपारच्या पाळीला जायच्या तयारीत सायकल धरून खिडकीबाहेर. भय्याजींनी आपली शिसवी खुर्ची गालिच्याच्या बरोबर मध्ये ओढली आणि तीवर ठाण मांडलं.

"भय्याजी, बाजूले सरका न!"

"मी इथूनच पायतो. मले इथूनच चांगलं दिसते."

पहिली फेरी. सुखरामजींचं यंत्र घुरघुरलं. पंधरा मिनिटांनी पिशवी तोलली : पाव शेर.

"वा! वा!" भय्याजींनी टाळ्या पिटल्या. "झकास! हेच घेऊ. पाव शेर म्हनजे काय कमी झालं का? दुसरं पायाची गरजच नाई!"

"भय्याजी, नियम आहे."

मग वालेंतिन साहेबांनी बटण दाबलं. यंत्र असं किंचाळलं की अंगणातली शेळी दावं तोडून पळाली! पंधरा मिनिटं झाली. साहेबांनी पिशवी तराजूत उलटी केली. लालसर, पिठासारखी बारीक धूळ. मी काटा दोनदा पाहिला.

अडीच शेर!

मायच्या तोंडून "बाप्पा!" एवढंच निघालं. वहिनीचा चेहरा मात्र पडला. चार वर्षं ती रोज झाडत होती, आणि तरी अडीच शेर!

"ये सरासर धोखा है!" सुखरामजी उसळले. "थैली में पहले से मिट्टी भरी थी!"

'धोखा' शब्द साहेबांच्या शंभर शब्दांत असावा, कारण त्यांचे कान लाल झाले. त्यांनी पिशवी सगळ्यांसमोर उलटी केली, झटकली, आतून बाहेरून दाखवली. मी पाहिली, मायने पाहिली, सुखरामजींनी आत डोकं घालून पाहिली आणि सात वेळा शिंकले.

दुसरी फेरी. त्याच जागेवर! आता तिथे उरलंय काय? सुखरामजींच्या यंत्राने पाऊण शेर दिला. त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. साहेबांच्या यंत्राने...

पावणेपाच शेर!

साहेबांच्या दोन्ही फेऱ्या मिळून सव्वासात. इतकी वर्षं बातम्या लिहितो आहे, पण जितकं साफ करावं तितकी घाण वाढत जाते, असं मी फक्त नगरपालिकेत पाहिलं होतं.

सुखरामजींनी दांडा खांद्यावर टाकला. "भाई साहब, ये घर नहीं, खदान है!" एवढं बोलून ते टांग्यात बसले आणि निघून गेले. त्या वाक्यावर मी तिथेच विचार करायला हवा होता. पण माझ्या डोक्यात वेगळंच यंत्र सुरू झालं होतं. लाल धूळ! कारखान्याची धूळ! संध्याकाळच्या आत नागपूरला पोहोचली तर उद्याच्या अंकात पहिलं पान! मी उभ्या उभ्या तार लिहिली : 'भिलाईत एका दिवाणखान्यात अर्ध्या तासात सव्वासात शेर कारखान्याची धूळ. गृहिणी हवालदिल.' खिडकीतून ती दादाच्या हातात दिली.

"दादा, तारघरात दे अन् मंग पाळीले जाय."

"गृहिनी कोन रे?"

"वयनी."

"ते कुठी हवालदिल आहे? ते तं हासून राहिली."

खरंच, वहिनी आता हसत होती. सव्वासात शेर ओढणारं यंत्र म्हणजे एक जुलै पक्की! "भाऊजी, हेच घेऊ. आत्याबाई, चालन न?"

"चालन," माय म्हणाली. "पन एकडाव यायच्या खुर्चीखालून बी फिरवून घ्या. तिथं कधीचाच फडा लागला नाई."

भय्याजींनी खुर्चीचे हात घट्ट पकडले. "इथं काई गरज नाई. इथं साफ आहे!"

पण साहेबांचा आता इज्जतीचा प्रश्न झाला होता. "बहुत अच्छा!" म्हणून त्यांनी नळी खुर्चीखाली सरकवली. भय्याजी उठेनात. यंत्र थांबेना. नळी खुर्चीच्या पायांभोवती फेऱ्या मारू लागली. मी घड्याळ पाहत होतो. सातव्या मिनिटाला भय्याजींचा डावा खांदा थोडा खाली गेला. आठव्या मिनिटाला डोक्यावरची टोपी कलली. दहाव्या मिनिटाला खुर्चीचा मागचा पाय गालिच्यासकट खाली खचला आणि भय्याजी आभाळाकडे तोंड करून चार बोटं खाली गेले!

"भय्याजी!" मी ओरडलो.

"काई नाई झालं," ते छताकडे पाहत म्हणाले. "मी असाच बसतो."

साहेबांनी यंत्र बंद केलं. मला एक गोष्ट तेव्हाच आठवली, जी आधी आठवायला हवी होती : वालेंतिन साहेबांचं तीन वर्षांचं काम काय? कारखान्याच्या इमारतींचा पाया तपासणं! साहेब गुडघ्यांवर बसले. पिशवीतली चिमूटभर धूळ चोळली, वास घेतला, उजेडात धरली. त्यांच्या चेहऱ्यावर डॉक्टरसारखं गांभीर्य आलं.

"धूल नहीं," ते म्हणाले.

"तो क्या है, साहब?"

शंभर शब्दांत शब्द सापडेना. त्यांनी बोटाने खाली दाखवलं. "नीचे वाला. राख. ईंट. यह... फाउंडेशन!"

माय पाटावरून उठली. कोपऱ्यात गेली, गालिच्याची कड धरली आणि ओढली. मातीतून गाजरं उपटावीत तसे खिळे निघाले, एकही न कुरकुरता! चार वर्षं मी त्या खिळ्यांवरून ये-जा करत होतो. सिमेंटात खिळे इतके अलगद कसे बसले, हा प्रश्न मला, जगाला प्रश्न विचारून पोट भरणाऱ्या माणसाला, एकदाही पडला नव्हता!

खाली भट्टीची राख, विटांचा भुगा आणि आमच्या परीक्षेच्या जागी परातीएवढा खड्डा.

"सिमेंट कुठी आहे?" मायने हळू विचारलं. माय हळू बोलली की भट्टीवरचे बैलसुद्धा थांबतात.

"अवं, परमिट नाई भेटलं," भय्याजी खड्ड्यातून म्हणाले. "सारं सिमेंट कारखान्यात जाऊन राहिलं होतं. म्हटलं, दोन महिन्यात भेटन, तवरिक झाकून ठेवू..."

"चार वर्सं झाले."

"दोन महिन्याच्या वर थोडे दिवस झाले, हे खरं."

"अन् मी साऱ्या बोरसीले सांगून राहिली, आमच्या घरी सिमेंट आहे! फडा घेऊन सुनेले मातीवर गुडघे घासाले लावले! ते बिचारी घासून राहिली अन् खालून माती वर येऊन राहिली! तुमाले समदं मालूम होतं न?"

भय्याजींनी टोपी सरळ केली. तेवढीच सरळ होण्यासारखी होती.

माय वहिनीकडे वळली. "वसुंधरा, तू शाळेत जाय. बिनघोर जाय. आता ज्यानं झाकलं त्यानं झाडावं."

"अन् सारवन, आत्याबाई?" वहिनीने विचारलं. "गालिचे काढले तं सारवा लागन न."

"मी शेनाले हात लावनार नाई. पोस्टकारडावर लिवून घेतलं आहे मी!" मायची नजर खोलीभर फिरली. भय्याजी, त्यांचे गुडघे कामातून गेलेले. साहेब, पाहुणा. दादा, पाळीवर. मग ती नजर माझ्यावर, माझ्या वहीवर, माझ्या घड्याळावर थांबली.

"ज्यानं उकरलं," माय म्हणाली, "त्यानं सारवावं."

दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली, पहिल्या पानावर. आठव्या दिवशी माझ्याच हाताने लिहिलेली दुरुस्ती आली, सहाव्या पानावर : 'सदर धूळ कारखान्याची नसून वार्ताहराच्या घराखालची होती.' संपादकांनी पत्रातून एवढंच विचारलं की पुढची बातमी कुठून उकरणार?

गालिचे गुंडाळून माळ्यावर गेले. सिमेंटचा अर्ज भय्याजींनी पुन्हा केला आहे; दोन महिन्यांत मिळेल म्हणतात. रोज सकाळी ते खुर्चीवर बसून, लांब दांड्याचा फडा करून, अकरा खोल्या झाडतात. आणि दर सोमवारी आणि गुरुवारी मी सारवतो. वहिनी पावणेसातला डबा घेऊन निघते, उंबऱ्यावर थांबते आणि बाईंच्या आवाजात सांगते, "भाऊजी, कोपरे रायले. दहापैकी सहा!"

वालेंतिन साहेब जाताना ते यंत्र आम्हाला भेट देऊन गेले. स्टेशनवर मला मिठी मारून म्हणाले, "बहुत अच्छा फाउंडेशन!" माणूस खोटं बोलला, पण प्रेमाने.

तर, व्हॅक्यूम क्लीनर कोणता घ्यावा? माझं मत ठाम आहे. ज्याची नळी मागच्या तोंडाला लावली की वारा जोरात सुटतो, तोच घ्या. ओलं सारवण निम्म्या वेळात वाळतं! किती मिनिटांत, ते वहीत लिहिलं आहे. पण वही मागू नका. हात चार वेळा साबणाने धुतले तरी शेणाचा वास जात नाही, मग वहीचा कुठून जाणार!