पुतळ्याचा पडदा

पुतळ्याच्या हातातल्या तांब्याच्या तारेला सतरा वेढे आहेत. मी मोजलेत. वीज आणि चुंबकत्व ही सख्खी भावंडं आहेत हे ज्यांनी जगाला दाखवलं, त्या शास्त्रज्ञांचा हा पुतळा. आमच्या कॉलेजच्या आवारात बसवलेला. त्याचं अनावरण दोरी ओढून करायचं? ती काय विहीर आहे?

"पडद्याच्या लोखंडी पट्टीला विद्युतचुंबक धरून ठेवेल," मी प्राचार्यांना ठणकावून सांगितलं. "पाहुण्यांनी बटण दाबलं की वीज बंद, चुंबकत्व बंद, पडदा खाली. चुकायला जागाच नाही!"

अठरा वर्षं पदार्थविज्ञान शिकवल्यावर एवढा तोरा असायचाच.

चुंबक करायला कार्यशाळेतले मास्तर मदतीला होते. चार वर्षांत त्यांनी मला पाचदा लग्नाचं विचारलं होतं आणि पाचही वेळा मी "विचार करते" म्हटलं होतं. आदल्या दिवशी तार गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले, "मॅडम, दुसऱ्या गावी बदली मिळतेय. उद्या कार्यक्रम झाला की कागदावर सही करायची आहे. तुमचं काय ते कळलं असतं तर..."

"विचार करते," मी म्हणाले, आणि हाताला लागला तो गज वेटोळ्यात सारला.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी बटण दाबलं. टाळ्या कडाडल्या. पडदा मात्र नोटीस मिळालेल्या भाडेकरूसारखा जागचा हलेना! पाहुण्यांनी पुन्हा दाबलं. वीज सुरू, पडदा आणखी घट्ट! मग ते दारावरची बेल वाजवावी तसे बटण दाबतच सुटले.

"घरात कोणी नाही वाटतं!" मागून कोणीतरी ओरडलं.

"चुकायला जागाच नव्हती ना, मॅडम?" प्राचार्यांनी दात आवळून विचारलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वीज गेली की मऊ लोखंड चुंबकत्व सोडून देतं. पोलाद धरून बसतं. दर वर्षी पहिल्या महिन्यात शिकवते मी हे! आणि घातला होता पोलादाचा गज.

मी तोंड उघडणार, तोच मास्तर शिडी घेऊन पुढे आले. "माझी चूक, सर. गज मीच घातला."

"मास्तर, निदान तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती!" प्राचार्य म्हणाले.

मी धावत जाऊन शिडी धरली. "खोटं का बोललात?" मी कुजबुजले.

"तुम्हाला उद्या इथेच वर्गावर जायचंय. मी काय, चाललोच."

वर चढून त्यांनी पडद्याला हिसका दिला. शिडी डगमगली, मास्तर घसरत खाली आले आणि अख्खा पडदा आम्हा दोघांवर! बाहेर पुतळ्यासाठी टाळ्या. आत पिवळसर उजेड आणि मास्तरांचा वाकडा झालेला चष्मा.

"तुम्हाला लागलं नाही ना?" त्यांनीच मला विचारलं.

"मॅडम, बाहेर या आधी!" प्राचार्य ओरडले.

"सर, गज मी घातला होता!" मी आतूनच, शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात सांगितलं. टाळ्या थांबल्या. आता थांबणं मला जमेना. "आणि मास्तर, त्या कागदावर सही करू नका. आपण लग्न करू या."