हास्य क्लबचे न हसणारे खजिनदार

आमच्या चिखलीच्या हास्य क्लबात एकच माणूस हसत नाही, आणि नेमकी तिजोरी त्याच्याच हातात. भुतेकरकाका! सकाळी बागेत आम्ही हात वर करून हा-हा-हा करतो, तेव्हा हे मांडीवर पावतीपुस्तक घेऊन सुतकात बसल्यासारखे बाकावर. एकदा विचारलं, तर म्हणाले, "खजिनदार हासला का वर्गणी बुडाली समज."

वर्गणी म्हणजे काय, तर महिन्याला वीस रुपये. पण थाट बँकेचा. कुणी वाढदिवसाचे पेढे आणले की वहीत 'जमा', संपले की 'खर्च'. मी क्लबची सचिव. अक्षर बरं म्हणून गळ्यात पडलेलं काम. वर्धापनदिनाला मी हौसेनं नारळ नेला, तर काकांनी तो फोडूच दिला नाही.

"पावती कुठी हाय?"

"अहो, घरचा आहे!"

"घरचा असो का देवाचा. पावती नाई तं वस्तू नाई."

आता बोला! आणि एवढ्या काटेकोर माणसाचा हिशोब दर महिन्याला चुकलेला. कधी पाच रुपये जास्त, कधी बारा कमी. मग रविवारी आमचे अध्यक्ष इंगळे सर आणि मी, दोघांची वरात काकांच्या घरी. काकू गेल्यापासून काका एकटेच, मुलगा पुण्याला. सर बेरजा करायचे, मी पावत्या लावायची, आणि काका मध्येच काकूंच्या लोणच्याची, नाहीतर कापसाच्या जिनिंगच्या मालकाची गोष्ट काढायचे. "घाई काऊन करता? चिवडा घ्या. आकडा काई पयून जात नाई."

दुपार व्हायची. शेवटी मी वैतागले. सगळा हिशोब मोबाइलवर घेतला आणि महिनाअखेरीला बागेतच जाहीर केलं, "काका, जुळला! सुटले तुम्ही!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका पिशवीची चेन लावत राहिले.

"मंग रविवारी काई काम नाई?"

"काही नाही. आराम करा."

"हाव," म्हणाले. मग हळूच, "चिवडा करून ठेवला होता म्या."

घरी येता येता माझ्या डोक्यात उजेड पडला. चिवडा! महिन्याचा हिशोब लागायच्या आधीच यांनी तो करून ठेवलेला. चूक निघणार हे यांना आधीच कसं ठाऊक? अन् जन्मभर जिनिंगमध्ये मुनीमकी केलेल्या माणसाला वीस-वीसची बेरीज जमू नये? मला रडूच आलं. मोठी आली कटकट संपवणारी!

रविवारी सकाळी मी त्यांच्या दारात.

"काका, घोळ झाला. सात रुपये कमी येऊन राह्यले."

"मोबाइल बी चुकते?"

"चुकते ना!"

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे मुनीमाच्या नजरेनं पाहिलं. मी मुकाट्यानं भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

"चुकल्याची पावती हाय?"

"नाही."

"राहू दे," म्हणाले आणि आत वळले. हसले की काय कोण जाणे, मला पाठच दिसली. डब्याचं झाकण वाजलं आणि आतून आवाज आला, "सरांले फोन लाव. म्हना, येळ लागन."