डिंगणकरांचे दुकान नकाशावरून उठले, ते समयीची हकीकत

कुलस्वामिनीस दंडवत घालून, जे जाहले ते यथास्थित लिहितो, पदरचे काही घालीत नाही. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, कार्तिकमासी ही गोष्ट घडली. ते समयी मुलखावर नकाशाचा अंमल बसला होता. हा नकाशा कागदाचा नव्हे, फोनातला. त्याचा धनी कोण, राहतो कोठे, हे कोणी पाहिले नव्हते, परंतु त्याचा हुकूम घरोघर चाले. नकाशाने दुकान चालू म्हटले की रयतेने तिकडे जावे, आणि बंद म्हटले की उघड्या दारावरून परत फिरावे, ऐसा काळ आला होता. म्हणोन एका नगरीतील दुकानदारांनी आपापली नावे नकाशावर चढविली, आणि मग ती राखावी कोणी हा पेच पडला, आणि ते काम मंदाकिनीबाई डिंगणकर यांजकडे आले. दुकानाच्या वेळा लिहिणे, सणाची सुट्टी कळविणे, फोटो चढविणे, गिऱ्हाइकांनी दिलेल्या ताऱ्यांस आणि बऱ्यावाईट बोलांस मालकाचे नावे गोड उत्तर देणे, ऐसा कारभार त्या घरबसल्या करीत. मिठाईवाले, चष्मेवाले, दातांचे डॉक्टर, सर्वांची अब्रू बाईंनी संभाळिली.

हा कारभार त्या शिकल्या यजमानांकरिता. पद्माकरराव डिंगणकर शिलाई मशीन दुरुस्तीत नामांकित, दुकान लहान, हात थोर. बाईंनी त्यांचे नाव नकाशावर घातले, खाली आपला फोन नंबर दिला, आणि मग लांबलांबच्या गावांहून गिऱ्हाईक येऊ लागले, आणि पाचांपैकी पावणेपाच तारे जमले, आणि पद्माकरराव जेवताना हसून म्हणत की तू माझी दिवाण. त्याच साली श्रावणात छातीत कळ येऊन ते दुकानातच कैलासवासी जाहले. दुकानास कुलूप पडले. बाईंनी दिवस केले, त्यांचे कपडे देऊन टाकिले, चष्मा देऊन टाकिला, परंतु नकाशावर दुकान चालूच ठेविले. लोक फोन करून विचारीत की पद्माकर मिस्त्री आहेत काय, आणि बाई म्हणत, आज नाहीत. यात खोटे काही नव्हते. घरात मूलबाळ नव्हते, त्यांचे नाव उच्चारणारे दुसरे माणूस उरले नव्हते, आणि दिवसातून कोणी परका तरी ते नाव घेतो, एवढ्यावर बाई दिवस काढीत. मग लोक येऊन कुलूप पाहून संतापू लागले, आणि एकेक तारा देऊन लिहू लागले की येथे फसवणूक होते. साऱ्या पेठेच्या वतीने उत्तरे लिहिणाऱ्या बाईंस या एका दुकानाचे उत्तर लिहवेना. तारे उतरत गेले, आणि बाई ते उतरताना पाहत राहिल्या.

कार्तिक लागला तो एके सकाळी फोन आला. हौसाबाई कोळपे नावाची बाई, गावी ब्लाउज शिवून पोट भरणारी, मशीनचे मुंडके चादरीत बांधून एसटीने आली होती. म्हणाली, "मी दुकानापुढंच बसलेय. मोबाईल म्हणतोय उघडं हाय, आन हितं तर कुलूप."

बाई सवयीने म्हणाल्या, "मिस्त्री आज नाहीत."

"मग उद्या येतील? मी हितंच थांबते."

बाईंनी फोन ठेविला. त्यांनी चपला घातल्या आणि निघाल्या. श्रावणापासून त्या गल्लीत त्यांनी पाऊल टाकिले नव्हते. हौसाबाई पायरीवर बसली होती, मशीन मांडीशी धरून. तिने विचारिले की मिस्त्री गावाला गेले काय, आणि बाई म्हणाल्या, "मिस्त्री वारले. श्रावणात." ऐसे तोंडाने त्या प्रथमच बोलल्या. हौसाबाईने विचारिले की मग नकाशावर दुकान चालू कोणी ठेविले, आणि बाईंनी सांगितले, मी ठेविले. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "तुमचं दुःख खरं हाय, बाई. पर तुळशीचं लगीन झालं की माझ्याकडं नवऱ्या पोरींचे ब्लाउज येत्यात. वर्साचं खाणं त्याच्यावर. आता हे मशीन मी कुणाला दावू?"

नदीपलीकडे दस्तगीर मिस्त्री म्हणोन होते. ते आणि पद्माकरराव पोरवयात एकाच उस्तादाहाती शिकले, आणि पुढे एका कारखान्याच्या कामावरून बिनसले, आणि बोलणे तुटले. मयतीस ते आले नाहीत, हा सल बाईंच्या मनी होता. तरी रिक्षा करून बाई हौसाबाईस तेथे घेऊन गेल्या. दस्तगीर म्हातारे जाहले होते. त्यांनी मशीन उघडिले, बाईंस ओळखिले, आणि मान वर न करता विचारिले, "वहिनी, पद्माकर कसा आहे?"

बाईंनी सांगितले. मिस्त्रींनी पेचकस खाली ठेविला.

"मला कुणी कळवलं नाही. सून मोबाईलमध्ये बघून सांगायची, दुकान चालू आहे म्हणून. मला वाटलं, रागात आहे, बसला असेल आपल्या जागी. दिवाळीला जायचं मनात होतं." एवढे बोलून पेचकस उचलून त्यांनी काम पुरे केले, आणि हौसाबाई उन्हे उतरण्याआधी गाडीस लागली.

घरी येऊन बाईंनी नकाशा उघडिला. नकाशाने पुसिले, तात्पुरते की कायमचे, आणि बाईंनी कायमचे ऐसे कळविले. मग संतापल्या गिऱ्हाइकांच्या बोलांखाली लिहिले की मिस्त्री वारले, दुकान उघडे दाखविले हा दोष त्यांचा नव्हे, त्यांच्या बायकोचा. मग दस्तगीर मिस्त्रींचे दुकान नकाशावर घातले, आणि खाली नंबर त्यांचा दिला, आपला दिला नाही. त्यानंतर फोन वाजेनासा जाहला. दुकानदार काय ते लिहून कळवीत, बाई लिहून उत्तर देत, आणि ऐसे दिवस जात की घरात शब्द म्हणोन होत नसे.

माघात गोधडीस अस्तर लावावे म्हणोन बाई घरच्या मशीनवर बसल्या, तो धागा पुन्हा पुन्हा तुटू लागला. त्यांनी सुई बदलली, तेल घातले, तरी तुटे. हाक मारावी ऐसे कोणी नव्हते. मग त्यांनी नकाशावर पाहून नंबर लाविला.

"दस्तगीर मिस्त्री ना? मशीन धागा तोडतंय."

मिस्त्रींस कानाने कमी. त्यांनी विचारिले, "कुणाच्या घरून?"

बाई म्हणाल्या, "पद्माकर डिंगणकरांच्या."

"येतो, वहिनी. घर कुठं आलं?"

शंभर दुकानांच्या वाटा लिहिणाऱ्या बाईंस आपल्या घराची वाट सांगता येईना. पिठाची गिरणी, मग डावीकडचा बोळ, मग निळे फाटक, ऐसे अडखळत त्यांनी सांगितले.

एवढे जाहले. डिंगणकरांचे दुकान नकाशावर बंद आहे, तारे उतरले तितकेच राहिले. दस्तगीर मिस्त्री आले, मशीन नीट केले, यजमानांच्या तसबिरीपुढे घडीभर उभे राहिले, आणि चहा घेऊन दिवसाउजेडी परत गेले. बाईंनी दोन कप विसळून पालथे घातले. हकीकत येथे पुरी.